खानदेशातील निसर्गपर्यटन

महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरील जळगाव व धुळे जिल्ह्यांतील वने, दऱ्या, धबधबे, उष्ण पाण्याचे झरे, जलाशय आणि त्यांच्या सान्निध्यातील प्राचीन वास्तू पाहण्यासाठी होणाऱ्या प्रवासाला 'खानदेशातील निसर्गपर्यटन' असे म्हणता येईल. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि आता नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या तोरणमाळसारख्या ठिकाणांचाही यात समावेश होतो. शहरांपासून दूर आणि वर्दळीपासून मुक्त असणे हे या स्थळांचे प्रमुख आकर्षण आहे. मात्र बाहेरून येणाऱ्यास निर्जन वाटणारा हा प्रदेश वस्तुतः निर्जन नाही. सातपुड्याच्या रांगांत भिल्ल, पावरा, तडवी इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती आहे, तर वनांचा मोठा भाग अभयारण्य म्हणून संरक्षित आहे. त्यामुळे येथील सहलीचे नियोजन ऋतू, पाण्याची उपलब्धता, वनविभागाचे नियम आणि स्थानिक समाजाचे जीवन या चार गोष्टींवर अवलंबून असते.

संकल्पना

सुटीत माणसांच्या गर्दीपासून दूर, एखाद्या निर्जन ठिकाणी काही दिवस राहण्याची कल्पना जगभर लोकप्रिय आहे. कॅरिबियन समुद्रातील किंवा हिंदी महासागरातील निर्मनुष्य बेट हे या कल्पनेचे सर्वाधिक परिचित रूप होय. खानदेशाला समुद्रकिनारा नाही. येथे त्या एकांताची जागा डोंगरातील दऱ्या, पठारे आणि धरणांचे काठ घेतात. दोन्हीकडच्या सहलींपुढील मूलभूत प्रश्न मात्र सारखेच असतात. पिण्याचे पाणी कोठे मिळेल, आजारी पडल्यास मदत किती वेळात पोहोचेल, बरोबर नेलेल्या वस्तूंचा कचरा कोठे जाईल, आणि ज्या जागेला आपण रिकामी समजतो ती खरोखर कोणाची आहे, हे ते प्रश्न होत.

खानदेशाच्या दक्षिण सीमेलगतची अजिंठा लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली, तरी जळगाव हे त्यांचे सोयीचे रेल्वेस्थानक आहे. १९८३ मध्ये जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समाविष्ट झालेल्या या लेण्यांकडे देशविदेशातील पर्यटक जातात आणि त्यांतील बहुतेक जण जळगावहून पुढे निघून जातात. खुद्द जळगाव व धुळे जिल्ह्यांतील निसर्गस्थळांना प्रामुख्याने स्थानिक लोक भेट देतात. त्यामुळे येथे अजिंठ्यासारख्या पर्यटन सुविधा उभ्या राहिलेल्या नाहीत.

भौगोलिक पार्श्वभूमी

ब्रिटिश काळातील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे विभाजन झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला.

प्रदेशाच्या मध्यातून तापी नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. उत्तरेस सातपुडा, तर दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग आहे. पश्चिमेकडे साक्री तालुक्यात सह्याद्रीचे फाटे येतात. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा व बुराई या तापीच्या डाव्या तीरावरील उपनद्या, तर सुकी, मोर, अनेर व अरुणावती या सातपुड्यातून येणाऱ्या उजव्या तीरावरील उपनद्या होत. मधला सपाट पट्टा काळ्या कसदार जमिनीचा असून तेथे केळी व कापूस ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. निसर्गपर्यटनाची बहुतेक स्थळे या पट्ट्याच्या दोन्ही कडांना, डोंगरांच्या पायथ्याशी किंवा माथ्यावर आहेत.

खानदेशाचे हवामान विषम आहे. जळगाव, भुसावळ व धुळे परिसरात मे महिन्यात कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि काही दिवशी ४५ अंशांपर्यंत पोहोचते. हिवाळ्यात किमान तापमान १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरते. मैदानी भागात पाऊस बेताचा असून सातपुड्याच्या माथ्यावर तो अधिक पडतो. डोंगरातील नद्या व नाले पावसाळ्यात अल्पकाळ दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात बहुतांशी कोरडे पडतात.

प्रमुख स्थळे

पाल व यावल अभयारण्य : जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील पाल हे सातपुड्याच्या कुशीत, सुकी नदीच्या खोऱ्यात वसलेले गाव आहे. तुलनेने थंड हवेमुळे जळगावकर त्याला थंड हवेचे ठिकाण मानतात. पाल परिसर १९६९ मध्ये घोषित झालेल्या यावल अभयारण्यात येतो. सुमारे १७७ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या अभयारण्याच्या उत्तरेस मध्य प्रदेशाची सीमा आहे. येथील वन शुष्क पानझडी प्रकारचे असून साग, अंजन, सालई, खैर, पळस, तेंदू व मोह हे वृक्ष आढळतात. बिबट्या, अस्वल, तरस, कोल्हा, भेकर व नीलगाय हे येथील काही वन्य प्राणी होत.

मनुदेवी : यावल तालुक्यात आडगावजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या घळीत मनुदेवीचे मंदिर आहे. अनेक खानदेशी कुटुंबांचे हे कुलदैवत असल्याने येथे वर्षभर भाविक येतात. पावसाळ्यात मंदिराजवळ कड्यावरून धबधबा कोसळतो.

उनपदेव : चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव येथे उष्ण पाण्याचा झरा आहे. शरभंग ऋषींच्या कथेशी त्याचा संबंध जोडला जातो. याच डोंगररांगेत सुनपदेव नावाचे दुसरे स्थान आहे. उनपदेव नावाचाच आणखी एक उष्ण झरा नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात असल्याने प्रवासाचे नियोजन करताना तालुक्याची खात्री करून घेणे आवश्यक ठरते.

अनेर धरण अभयारण्य : धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात अनेर नदीवरील धरणाभोवतीचे सुमारे ८३ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. मेळघाटाकडून मुक्ताईनगर, यावल व अनेर असा पश्चिमेकडे सरकणारा सातपुड्यातील वनपट्टा वन्य प्राण्यांच्या स्थलांतरासाठी महत्त्वाचा आहे. मुक्ताईनगर तालुक्यातील चारठाणा-वडोदा परिसरात वाघांचे अस्तित्व असून तेथील क्षेत्राला मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यात आला आहे.

पाटणादेवी : चाळीसगावच्या नैऋत्येस सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळा रांगेच्या पायथ्याशी चंडिकादेवीचे मंदिर आहे. हा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. पावसाळ्यात येथील केदारकुंड व धवलतीर्थ हे धबधबे वाहू लागतात. परिसरात कन्हेरगड हा किल्ला आहे. डोंगर चढून पितळखोरे येथील बौद्ध लेण्यांपर्यंत जाता येते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरण्यास प्रारंभ झालेली ही लेणी कन्नड तालुक्यात असून भारतातील आद्य लेण्यांपैकी एक मानली जातात. पाटण येथे सापडलेला शके ११२८ मधील शिलालेख गणिताच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोईदेव याने त्यास दान दिले, अशी नोंद या शिलालेखात आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे गाव पाटण हेच होते काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

हतनूर जलाशय व चांगदेव : भुसावळजवळ तापी नदीवर हतनूर धरण आहे. त्याच्या फुगवट्याच्या वरच्या टोकाकडे, तापी व पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव हे गाव असून तेथील प्राचीन मंदिर केंद्र सरकारच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. हतनूर जलाशय पक्ष्यांचा महत्त्वाचा अधिवास म्हणून ओळखला जातो. हिवाळ्यात येथे स्थलांतरित बदके व पाणथळीचे इतर पक्षी येतात. जलाशयांचे पाणी ओसरू लागल्यावर गाळाची बेटे उघडी पडतात. खानदेशात 'निर्जन बेट' असे शब्दशः म्हणता येईल अशी जागा हीच. मात्र नदीसुरय, टिटवी यांसारखे पक्षी अशाच उघड्या बेटांवर जमिनीवर अंडी घालत असल्याने उन्हाळ्याच्या प्रारंभी तेथे माणसांनी उतरणे त्यांना घातक ठरते. पालक पक्षी उडून गेल्यास अंडी उन्हात तापून नष्ट होतात.

पद्मालय : एरंडोल तालुक्यातील हे गणपतीचे स्थान वनाच्या सान्निध्यात, कमळांच्या तलावाकाठी आहे. येथील मंदिरात गणपतीच्या दोन मूर्ती आहेत.

लळिंग : धुळे शहराच्या दक्षिणेस सुमारे १० किलोमीटरवर मुंबई-आग्रा महामार्गालगत लळिंगचा किल्ला आहे. तो फारुकी राजवटीशी संबंधित आहे. पायथ्याच्या कुरणात पावसाळी धबधबा असून परिसरात मोर आढळतात. येथील लांडोर बंगल्यात १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वास्तव्य झाले होते. त्या स्मृतीप्रीत्यर्थ दरवर्षी ३१ जुलै रोजी मोठा जनसमुदाय येथे जमतो.

थाळनेर व बळसाणे : शिरपूर तालुक्यात तापीच्या उत्तर तीरावरील थाळनेर ही फारुकी सत्तेची आरंभीची राजधानी होय. येथे किल्ल्याचे अवशेष व फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. साक्री तालुक्यातील बळसाणे येथे मध्ययुगीन मंदिरांचा समूह असून ते जैनांचेही तीर्थक्षेत्र आहे. साक्री व धुळे तालुक्यांत पांझरा नदीच्या काठी फड पद्धतीच्या सिंचनाचे बंधारे व पाट पाहावयास मिळतात. नदीचे पाणी लाभधारक शेतकऱ्यांनी आपसांतील नियमांनी वाटून घेण्याची ही व्यवस्था अनेक शतकांपासून चालत आली आहे.

तोरणमाळ : पूर्वीच्या धुळे जिल्ह्यातील आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ हे सातपुड्याच्या माथ्यावरील पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१४० मीटर उंचीवर आहे. यशवंत तलाव, सीताखाई दरी व गोरक्षनाथ मंदिर ही येथील प्रमुख ठिकाणे होत. महाशिवरात्रीस येथे यात्रा भरते. तोरणमाळला जाण्याचा नेहमीचा मार्ग शहाद्याहून आहे.

रानपिंगळ्याचा पुनर्शोध

खानदेशातील वनांकडे जगातील पक्षिशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले ते रानपिंगळा या लहान घुबडामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशात अधिकारपदावर असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातून या पक्ष्याचे नमुने गोळा केले होते. १८८४ नंतर मात्र त्याची एकही खात्रीशीर नोंद झाली नाही आणि तो नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले. १९१४ मधील म्हणून सांगितला जाणारा रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन यांचा नमुना हा जुन्या संग्रहातून घेऊन त्यावर खोटी माहिती लिहिलेला असल्याचे पॅमेला रासमुसेन यांनी दाखवून दिले. त्यानंतर नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी जिवंत रानपिंगळा आढळला. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट आदी ठिकाणीही त्याची नोंद झाली. ११३ वर्षे हा पक्षी शास्त्रज्ञांच्या दृष्टीआड राहिला, तरी तो लोकवस्तीपासून फार दूर नव्हता. रानपिंगळा दिवसाही सक्रिय असतो आणि जुन्या सागवृक्षांच्या ढोलीत घरटे करतो. त्यामुळे वृक्षतोड व वणवे यांचा त्याला थेट फटका बसतो.

हंगाम

खानदेशातील सहलीसाठी ऋतूची निवड ही स्थळाच्या निवडीइतकीच महत्त्वाची असते, कारण एकच स्थळ चार महिन्यांच्या अंतराने पूर्णतः वेगळे दिसते.

पावसाळा (जुलै ते सप्टेंबर) हा धबधब्यांचा काळ होय. मनुदेवी, पाटणादेवी व लळिंग येथे या दिवसांत सर्वाधिक गर्दी असते, विशेषतः श्रावणात व रविवारी. हाच काळ पूर, दरड व निसरड्या वाटा यांमुळे सर्वांत धोक्याचाही असतो.

पावसाळ्यानंतरचा काळ व हिवाळा (ऑक्टोबर ते फेब्रुवारी) हा मुक्कामी सहलीसाठी सर्वांत अनुकूल मानला जातो. ऑक्टोबरात झरे वाहते असतात, तर डिसेंबर-जानेवारीत जलाशयांवर पक्षी येतात. भरताच्या वांग्यांचा हंगामही हाच असल्याने शेतात होणाऱ्या भरीत पार्ट्या हा खानदेशी हिवाळ्याचा अविभाज्य भाग बनला आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना व केळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. रात्री थंडी कडक असल्याने डोंगरावर मुक्काम करताना उबदार कपडे लागतात.

उन्हाळा (मार्च ते जून) हा मैदानी भागात पायी भटकंतीस प्रतिकूल असतो. पानगळ झालेल्या वनात प्राणी व पक्षी सहज दिसत असले, तरी उष्माघाताचा धोका मोठा असतो. या काळात तोरणमाळ व काही प्रमाणात पाल येथेच सहल सुसह्य होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो आणि सातपुड्यात होळीचे वेध लागतात.

सहलीचे नियोजन

प्रवासमार्ग : मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील चाळीसगाव, पाचोरा, जळगाव व भुसावळ ही स्थानके या प्रदेशाची प्रमुख प्रवेशद्वारे होत. भुसावळ-खंडवा मार्गावरील सावदा व रावेर ही स्थानके पालसाठी, तर सुरत-भुसावळ मार्गावरील अमळनेर, दोंडाईचा व नंदुरबार ही स्थानके पश्चिम भागासाठी सोयीची आहेत. धुळे हे चाळीसगावपासून निघणाऱ्या शाखामार्गाचे अंतिम स्थानक आहे. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांस छेदतात. जळगाव येथे विमानतळ आहे. रेल्वेस्थानकापासून पुढे एस.टी. बसने तालुक्याच्या गावापर्यंत जाता येते. शेवटच्या टप्प्यासाठी मात्र बहुधा खासगी वाहन करावे लागते. परतीच्या शेवटच्या बसची वेळ निघतानाच आगारात विचारून घेणे हिताचे असते.

स्थळांची जुळणी : अंतरे व रस्ते लक्षात घेता एका सहलीत सातपुडा व सातमाळा या दोन्ही रांगा साधण्याचा प्रयत्न केल्यास बहुतेक वेळ प्रवासात जातो. त्याऐवजी चाळीसगाव येथून पाटणादेवी व पितळखोरे, भुसावळ येथून हतनूर, चांगदेव व पाल, चोपडा येथून उनपदेव व मनुदेवी, धुळे येथून लळिंग व बळसाणे, शिरपूर येथून थाळनेर व अनेर, तर शहादा येथून तोरणमाळ अशी गटवार आखणी केली जाते. प्रत्येक गटास एक ते दोन दिवस पुरतात. तोरणमाळसाठी किमान एक मुक्काम आवश्यक ठरतो.

परवानगी : अभयारण्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. त्यानुसार अभयारण्यात प्रवेश, छायाचित्रण, अभ्यास व पर्यटन यांसाठी वनविभागाची परवानगी लागते. वनात मुक्काम करणे, चूल पेटविणे किंवा वाहन मुख्य रस्ता सोडून आत नेणे या गोष्टी परवानगीविना करता येत नाहीत. पावसाळ्यात किंवा वणव्याच्या काळात काही वाटा बंद ठेवल्या जात असल्याने संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे आधी चौकशी करणे आवश्यक असते.

निवास व भोजन : जळगाव, भुसावळ, धुळे, चाळीसगाव, शिरपूर व शहादा येथे निवासाची सर्वसाधारण सोय उपलब्ध आहे. प्रत्यक्ष निसर्गस्थळी वनविभागाची विश्रामगृहे, देवस्थानांच्या धर्मशाळा किंवा मोजकी खासगी निवासस्थाने असतात व त्यांची नोंदणी आधी करावी लागते. शेवभाजी, कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, डाळ-बट्टी व खापरावरची पुरणपोळी हे खानदेशी पदार्थ प्रसिद्ध आहेत. आडवाटेच्या गावांत जेवणाची व्यवस्था आगाऊ सांगितल्यावरच होऊ शकते. ऐनवेळी मोठा गट आल्यास तेथील किराणा व पाणी दोन्ही अपुरे पडते.

पाणी व साहित्य : डोंगरातील झऱ्यांवर अवलंबून राहणे, विशेषतः जानेवारीनंतर, धोक्याचे असते. उन्हात चालणाऱ्या प्रौढ व्यक्तीस दिवसभरात ४ ते ५ लिटर पाणी लागू शकते, हे गृहीत धरून साठा बरोबर घ्यावा लागतो. जलसंजीवनीची पाकिटे, प्रथमोपचाराचे साहित्य, विजेरी, टोपी, घोट्याच्या वरपर्यंत येणारी पादत्राणे आणि कचरा परत आणण्यासाठी पिशवी या किमान गरजेच्या वस्तू होत. सातपुड्याच्या आतल्या भागात भ्रमणध्वनीची सेवा सर्वत्र मिळत नाही. त्यामुळे मार्गाचा नकाशा आधी उतरवून घेणे आणि परतण्याची अपेक्षित वेळ घरी किंवा पायथ्याच्या गावात सांगून ठेवणे उपयुक्त ठरते.

धोके व सुरक्षितता

पाऊस डोंगरमाथ्यावर पडत असताना पायथ्याला ऊन असू शकते आणि कोरड्या दिसणाऱ्या नाल्याला काही मिनिटांत लोंढा येऊ शकतो. पाणी अचानक गढूळ होणे, त्यात काटक्या-पाचोळा वाहत येणे आणि वरच्या बाजूने घोंघावणारा आवाज ऐकू येणे ही लोंढ्याची लक्षणे होत. अशा वेळी पात्र ओलांडण्याचा प्रयत्न न करता त्याच काठावरील उंच जागेवर जाणे हाच सुरक्षित उपाय असतो. ३०-३१ ऑगस्ट २०२१ च्या रात्री सातमाळा परिसरात झालेल्या अतिवृष्टीमुळे तितूर व डोंगरी या नद्यांना महापूर येऊन चाळीसगाव शहर व परिसरातील गावांचे मोठे नुकसान झाले. त्याच वेळी कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. पाटणादेवीचा परिसर याच डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे.

धबधब्यांखालील डोहांची खोली वरून कळत नाही आणि त्यांच्या कडा शेवाळामुळे निसरड्या असतात. पोहता न येणाऱ्या व्यक्ती अशा डोहांत बुडण्याचे प्रकार राज्यात दरवर्षी घडतात. धरणांखालील नदीपात्रही सुरक्षित नसते. हतनूर धरणाला ४१ दरवाजे असून वरच्या भागातील पावसानुसार ते उघडले जातात व त्याची सूचना नदीकाठच्या गावांना दिली जाते.

सर्प व विंचू यांचा वावर लक्षात घेऊन दगडांच्या कपारीत हात न घालणे आणि रात्री विजेरीशिवाय न फिरणे आवश्यक असते. सर्पदंश झाल्यास जखम कापणे किंवा घट्ट आवळपट्टी बांधणे हानिकारक असते. रुग्णाला शांत ठेवून, दंश झालेल्या अवयवाची हालचाल टाळून शक्य तितक्या लवकर रुग्णालयात नेणे हा योग्य उपचार होय. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वनविभागाच्या मदतीसाठी १९२६ हे क्रमांक राज्यात उपलब्ध आहेत. दुर्गम भागात मात्र रुग्णवाहिका पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून पायथ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे ठिकाण आधीच ठाऊक असणे महत्त्वाचे ठरते.

स्थानिक समाज

सातपुड्यातील वस्त्या गावठाणात एकवटलेल्या नसून 'पाडा' या स्वरूपात डोंगरउतारांवर विखुरलेल्या असतात. त्यामुळे मोकळी वाटणारी जागा ही अनेकदा कोणाचे तरी शेत, गुरचरण किंवा देवस्थान असते. भिल्ल, पावरा, बारेला व तडवी हे समाज सातपुड्यात, तर कोकणा व भिल्ल हे समाज साक्रीच्या पश्चिम भागात राहतात. मोहाची फुले, चारोळी, डिंक व तेंदूपाने यांच्या संकलनावर अनेक कुटुंबांचे उन्हाळ्यातील उत्पन्न अवलंबून असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासी आदिवासींचे व इतर पारंपरिक वननिवासींचे जमिनीवरील तसेच गौण वनोपजावरील हक्क मान्य केले आहेत.

होळीपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत भोंगऱ्या बाजार भरतात. ढोल व बासरीच्या साथीने होणारी नृत्ये पाहण्यासाठी तेथे बाहेरून लोक येऊ लागले आहेत. दिवाळीत नंदुरबार जिल्ह्यातील अस्तंबा शिखरावर अश्वत्थाम्याची यात्रा भरते. हे उत्सव पर्यटकांसाठी योजलेले कार्यक्रम नसून त्या समाजांचे धार्मिक व सामाजिक विधी आहेत. छायाचित्रे काढण्यापूर्वी संबंधितांची संमती घेणे, देवस्थानाच्या जागी पादत्राणे काढणे आणि मद्यपान टाळणे या साध्या मर्यादांची तेथे अपेक्षा असते. स्थानिक वाटाड्या घेतल्यास वाट चुकण्याचा धोका टळतो आणि सहलीचा काही लाभ पाड्यापर्यंत पोहोचतो. मैदानी भागातील अहिराणी आणि डोंगरातील पावरी व भिल्ली या बोली प्रमाण मराठीहून भिन्न असल्याने संवादासाठीही अशा व्यक्तीची मदत होते.

संवर्धनाचे प्रश्न

निसर्गस्थळांवरील वाढत्या वर्दळीबरोबर प्लास्टिकचा कचरा, काचेच्या बाटल्या, मोठ्या आवाजातील संगीत व उघड्यावरील चुली हे प्रश्न उभे राहिले आहेत. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून अनेक प्रकारच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. शुष्क पानझडी वनात फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेल्या पानांचा थर साचतो आणि विझवण्याचे राहून गेलेल्या एका चुलीमुळेही वणवा पसरू शकतो. कचरा उचलून नेण्याची नियमित यंत्रणा डोंगरात नसल्याने तेथे टाकलेली वस्तू बहुधा तेथेच राहते किंवा पावसाबरोबर नाल्यातून तापीच्या उपनद्यांत उतरते.

सुविधा वाढविल्यास रोजगार मिळेल, असे मत एका बाजूने मांडले जाते. पक्के रस्ते, निवासस्थाने व वाहनतळ झाल्यास एकांत आणि वन्य प्राण्यांचे मार्ग दोन्ही नष्ट होतील, अशी चिंता दुसऱ्या बाजूने व्यक्त होते. पाणी हा या दोन्ही बाजूंना जोडणारा मुद्दा आहे. उन्हाळ्यात सातपुड्यातील अनेक पाड्यांना स्वतःसाठी पाणी दुरून आणावे लागते. त्यामुळे एखाद्या स्थळी किती पर्यटक सामावू शकतील, हे तेथील खोल्यांच्या संख्येपेक्षा झऱ्यांत शिल्लक राहणाऱ्या पाण्यावर अधिक अवलंबून असते.